त्या आठवड्यातली लक्षणे बाद

४ ऑक्टोबर

गुंजे,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने नोंदवण्याची गरज नसावी.

फोनवर तू "बरं आहे मामा, ठेवते" यापलीकडे जात नाहीस. गेल्या सहा फोनांत हे वाक्य सहा वेळा आले, त्यात एका शब्दाचाही फेरफार नव्हता. म्हणून पत्र लिहीत आहे. फोन ठेवता येतो. पत्र उत्तर मिळेपर्यंत टेबलावर पडून राहते आणि बघत बसते.

तुझी आई रविवारी वसतिगृहातून परतली ती घरी न जाता थेट माझ्याकडे आली. दारातूनच म्हणाली, "दादा, पोरीनं अप्रन दोन्ही बाजूंनी टाचण्या लावून आत घेतलाय! मी शिवलेला अप्रन. मला म्हणाली असती तर मी शिलाई घातली नसती का?" तिचा राग टाचण्यांवर होता. मी तिच्याकडून बाकीचा तपशील काढून घेतला. खाटेवर न धुतलेल्या कपड्यांचा ढीग. खिडकीत चहाचे चार कप, त्यांपैकी दोनांवर साय. पुस्तकावर डोके ठेवून बसलेली तू. आणि आईचा वाढदिवस होऊन अकरा दिवस झाले हे तिनेच तुला सांगावे लागले. तुझ्या वडिलांच्या मागे प्रवेशाच्या अर्जावर पालक म्हणून माझी सही आहे. त्यामुळे या ढिगाला आणि या कपांना काही अंशी मीही उत्तरदायी ठरतो.

माझा निष्कर्ष असा की तुझ्याकडे वेळ कमी नाही, वेळेला घड्या नाहीत. सोबत वेळापत्रक जोडले आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव रकाने केले आहेत. वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला लागणारे तास आधी भरले, मग झोप, जेवण, कपडे, आईला फोन. 'किरकोळ कामे' यासाठी रोज दोन रकाने राखीव आहेत. एक महिना पाळ आणि कळव.

मामा

---

१५ ऑक्टोबर

मामा, नमस्कार, आणि तोही या वेळी खरोखर वाकून, कारण शहाण्णव रकाने पट्टीने आखायचे म्हणजे तुमची कंबर किती दुखली असेल!

हे पत्र 'किरकोळ कामे' मधून चोरलेल्या वेळात लिहिते आहे. वेळापत्रक तीन दिवस अगदी तंतोतंत पाळलं. चौथ्या दिवशी सव्वानऊला कपडे भिजवले आणि साडेनऊला वॉर्डात बोलावणं आलं. पुढे दोन दिवसांनी बादलीनंच वास सोडून माझी आठवण काढली. रकाने चांगले आहेत मामा, पण आजारी माणसं ते बघून आजारी पडत नाहीत.

माझं चाललंय. सकाळी वॉर्ड, दुपारी तास, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड, मध्ये जमेल तिथे पुस्तक. माझी खोलीसोबतीण एक पान वाचायला अर्धा तास लावते आणि ते पान तिला जन्मभर आठवतं. तिला आम्ही कासव म्हणतो. मी चार पानं पळते आणि पाचव्यावर पहिलं विसरते.

तुम्ही हसाल, पण आम्हाला एक रोग झालाय, आणि तो सगळ्या वर्गाला आहे. जे प्रकरण वाचावं ते आजार आपल्याला होतात. हृदय वाचत होतो त्या आठवड्यात माझी छाती धडधडायची, पायऱ्या चढले की जास्तच. मज्जासंस्थेच्या आठवड्यात हात कापायला लागले. त्वचेच्या आठवड्यात मनगटावर एक निळसर डाग आला. मी दोन दिवस घाबरून होते, तिसऱ्या दिवशी तो साबणानं गेला. पेनाची शाई होती! शेवटी कासवानं आणि मी भिंतीवर नियम लिहून चिकटवला: 'ज्या आठवड्यात प्रकरण, त्या आठवड्यातली लक्षणे बाद.' तेव्हापासून निवांत आहे.

अप्रनचं आईला सांगा, टाचण्या तात्पुरत्या आहेत. थोडं वजन उतरलंय. मेसमधल्या काट्यावर बावन्नचे साडेसेहेचाळीस दिसले. परीक्षेच्या वर्षात सगळ्यांचंच उतरतं म्हणे.

तुमची गुंज

---

२४ ऑक्टोबर

गुंजे,

साडेपाच किलो ही 'थोडं' या शब्दात मावणारी संख्या नाही. तुझे नाव गुंज मी ठेवले, कारण जन्मताना तू पावणेदोन किलोची होतीस आणि सोनाराच्या तराजूत गुंजेहून हलके माप मला ठाऊक नव्हते. पण तो विनोद बावीस वर्षांपूर्वीचा आहे. तू तो पुन्हा प्रत्यक्षात आणावास असा माझा हेतू कधीच नव्हता.

तथापि मी घाबरलेलो नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून तीस वर्षे दुकानोदुकानी हिंडताना एक पद्धत अंगी मुरली: माल कमी भरला तर आधी मालाला दोष देऊ नये, काट्याला द्यावा. सार्वजनिक जेवणघरातला काटा कोणी कधी तपासून घेतलेला नसतो. त्यावर लोक पिशव्या आपटतात, त्याला ओल लागते.

तरी पुढीलप्रमाणे कर. पाच लिटरचे डबे काठोकाठ पाण्याने भर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रिकाम्या डब्याचे वजन वेगळे घेऊन वजा कर. एक डबा, मग दोन, मग चार ठेवून काटा वाच. प्रत्येक वाचन तीनदा, आणि दोन वाचनांच्या मध्ये काटा शून्यावर येतो की नाही ते पाहा. शून्याकडे न पाहता वजन घेणाऱ्या माणसाला मी वजन घेतलेच नाही असे समजतो.

धडधड, थरथर यांविषयी तुम्ही केलेला नियम मला पटला. नियम असावेत. तुझ्या आईलाही मी तसेच सांगितले, ती म्हणाली, "भिंतीवर लिहून आजार जात असते तर डॉक्टर कशाला हवे होते?" तिला शिवणकामापलीकडचे तर्क पटवणे कठीण जाते.

मामा

---

९ नोव्हेंबर

मामा,

काटा तपासला. पाच, दहा, वीस, तिन्ही वेळा बरोबर, आणि दर वेळी शून्यावर परत. मी डबे भरून आणत होते तेव्हा मेसच्या मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "काय गं डॉक्टरीणबाई, पाण्याला ताप आलाय की काय?" मग मी स्वतः उभी राहिले. सेहेचाळीसला थोडं कमी. मावशी म्हणाल्या, "आणि ही रोज दुप्पट वाढून घेते! तुझ्या पोटात दुसरं कोणी बसून जेवतंय का?" सगळ्या मुली हसल्या. मीही हसले आणि मग मला एकदम रडू आलं. का ते कळलं नाही, आणि मावशींनाही कळलं नाही. त्यांनी मला आणखी वाढलं.

मला सध्या पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. गेल्या आठवड्यात सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांचा ट्रे नेताना माझ्या हातून पडला. चौदा पट्ट्या फुटल्या. त्या आठवड्यात आम्ही मज्जासंस्था वाचत नव्हतो, मूत्रपिंड वाचत होतो, त्यामुळे हे लक्षण नियमात कसं बसवायचं ते ठरेना. कासव म्हणाली, "मज्जासंस्थेचं शिल्लक असेल." सगळ्या मुली स्वेटर घालून बसतात आणि मी पंखा लावते. कासव दोन पांघरुणांतून फक्त डोळे बाहेर काढून म्हणते, "तू वाळवंटात राहतेस, मी ध्रुवावर, खोली मात्र एकच." झोप लागत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं होतं ते विसरते.

वॉर्डातल्या चाचणीत मी नापास झाले, मामा. रुग्णाला प्रश्न विचारता विचारता मी त्याच्या उत्तराच्या आधीच पुढचा प्रश्न विचारत होते. तपासायला आलेल्या सरांनी लिहिलं, 'ऐकत नाही.' हे आईला सांगू नका. तिनं ज्या कापडाचे अप्रन शिवले ते तिनं स्वतःसाठी आणलं होतं.

गुंज

---

२० नोव्हेंबर

गुंजे,

प्रथम एक कबुली. तुझे पत्र आले तेव्हा तुझी आई समोरच बसली होती, आणि मी ते मोठ्याने वाचायला घेतले. 'आईला सांगू नका' हे वाक्य अखेरीस होते. पत्र आधी पूर्ण वाचून मगच वाचून दाखवावे, हा नियम मी आजवर केला नव्हता. आता केला आहे.

तिने सर्व ऐकून घेतले, दोरा दातांनी तोडला आणि निदान सांगितले. तिचेच शब्द देतो: "खाल्लेलं अंगी लागत नाही, झोप नाही, छाती धडधडते, हात कापतात, उगाच रडू येतं. दादा, हे पुस्तकात शोधू नकोस. कोण आहे तो, तेवढं विचार."

मी या प्रश्नाला अनुमोदन देत नाही, पण पालक म्हणून तो पुढे पाठवणे मला भाग आहे. असल्यास कळवावे. नसल्यास तेही कळवावे, म्हणजे हा मुद्दा बंद करता येईल.

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहितो. काटा बरोबर आहे, हे आता सिद्ध झाले. मग उरते दुसरी शक्यता. वाढून घेणे आणि खाणे या दोन भिन्न क्रिया आहेत. दुप्पट खाणारा माणूस सहा किलोने उतरत नाही; असे कुठल्याही तराजूत होत नाही. तू ताटात वाढून घेतेस आणि पुस्तकाकडे पाहत ते तसेच ठेवतेस असा माझा कयास आहे. कदाचित तुझ्याही ते लक्षात येत नसेल. जेवणाला मी दोनांऐवजी तीन रकाने देऊन नवे वेळापत्रक पाठवत आहे. त्या वेळात पुस्तक उघडायचे नाही.

चाचणीत नापास होणे हा अपराध नाही. पण न खाता खाल्ले म्हणणे हा आहे.

मामा

---

२ डिसेंबर

मामा,

आईच्या मुद्द्याचं उत्तर: कोणी नाही. मुद्दा बंद करावा.

तुमच्या मुद्द्याचं उत्तर मी आठ दिवस शोधते आहे. मी खाते. ताट पुसून खाते. मावशींना विचारा, कासवाला विचारा. पण तुम्ही म्हणता असं कुठल्याही तराजूत होत नाही, आणि तुम्ही वजनाबाबत कधी चुकलेले मला आठवत नाही. मग मला वाटू लागलं, की मी खरंच खाते ना? काल मी जेवताना घास मोजले. बावन्नपर्यंत गेले आणि मग मी कशासाठी मोजते आहे तेच समजेना.

मला आता एवढंच कळतं, की हे मला जमत नाही. कासव माझ्याएवढाच अभ्यास करते, कपडे धुते, घरी फोन करते, शिवाय गच्चीवर तिच्या दोन कुंड्यादेखील आहेत. तिच्या दिवसाला तेवढेच तास आहेत. माझ्यातच काहीतरी उणं आहे. डॉक्टरला हात स्थिर लागतात, डोकं थंड लागतं, ऐकून घ्यायला लागतं. माझ्याकडे तिन्हीतलं काहीच नाही.

सोबत महाविद्यालय सोडण्याचा अर्ज पाठवते आहे. माझी बाजू भरली आहे. 'पालकाची सही' आणि 'दिनांक' एवढंच उरलं आहे. मुदत एकतीस मार्चपर्यंत आहे, पण मला तोवर थांबायचं नाही. कृपा करून लौकर सही करा. आईला मी स्वतः सांगेन. तिच्याकडे शिवण शिकेन म्हणते. मग आठवलं, की सुईत दोरा ओवायलाही माझे हात कापतात.

गुंज

---

१२ डिसेंबर

गुंजे,

अर्ज मिळाला. सही केलेली नाही. कारण देतो.

एकाच वाचनावर मी आजवर कोणाचाही तराजू जप्त केला नाही. तीन वाचने घ्यावी लागतात. तुझे हे पत्र म्हणजे पहिले वाचन. आणखी दोन पत्रांत, किमान पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने, हेच म्हणालीस तर मी सही करीन. वाद घालणार नाही. तुझ्या आईला अद्याप काही सांगितलेले नाही.

दरम्यान मी तुझी सर्व पत्रे टेबलावर ओळीने मांडली. ऑक्टोबरमधल्या पत्रात तुझ्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या आहेत. नोव्हेंबरात अक्षरांच्या मात्रांना बारीक कंगोरे दिसतात. या शेवटच्या पत्रात प्रत्येक उभी रेघ करवतीच्या पात्यासारखी आहे. मी भिंग घेऊन पाहिले. असे अक्षर रडणाऱ्या माणसाचे असते की घाईतल्या माणसाचे, ते मला ठरवता आले नाही. याचा अर्थ काय, हे मला कळत नाही, असे मी लेखी कबूल करतो. आजवर असे फारसे लिहिलेले नाही.

ताट पुसून खातेस हे मी मान्य करतो. संशय घेतला ती चूक माझी. पण मग माझा हिशोब बसत नाही: भूक वाढली आणि वजन उतरले, थंडी पडली आणि तुला उकडते, झोप नाही आणि स्वस्थही बसवत नाही. प्रत्येक वस्तू उलट्या पारड्यात पडलेली दिसते. मला शेवटी एकच कारण सुचते आणि ते म्हणजे मी. शहाण्णव रकान्यांत माणूस बसवायला गेलो आणि तो मोडला. दोन्ही वेळापत्रके फाडून टाक. पाच जानेवारीला मी तिकडे येतो. येताना काही आणायचे असल्यास कळव.

मामा

---

२८ डिसेंबर

मामा,

हे दुसरं वाचन धरू नका. हे काय आहे ते मलाच अजून नीट समजलेलं नाही, म्हणून घडलं तसं सांगते.

पंधरवड्यापूर्वी मेडिसिनच्या मॅडमनी सराव दिला होता. जोडीजोडीनं एकमेकींची हकिगत घ्यायची, जणू समोरची रुग्ण आहे. काय होतं, कधीपासून, कशानं वाढतं. मत लिहायचं नाही आणि रुग्णाचं नावही लिहायचं नाही. कासवानं माझी हकिगत घ्यायला दोन दुपार लावल्या. मी म्हटलं, "अगं, हे सगळं बाद झालेलं आहे, भिंतीवर बघ." ती म्हणाली, "मॅडमनी भिंतीचं काही सांगितलं नाही," आणि लिहीत राहिली. मी कंटाळून उत्तरं देत होते. मग ते विसरूनही गेले.

काल वर्गात मॅडमनी गठ्ठ्यातून एक कागद काढला. म्हणाल्या, "वय, व्यवसाय वाचत नाही, नाहीतर तुम्ही आजार सोडून चेहरा शोधाल." आणि वाचायला लागल्या. भूक वाढलेली, तरी चार महिन्यांत सहा किलो वजन कमी. पायऱ्या चढताना आणि बसल्या जागीही छातीत धडधड. हातांना बारीक कंप. थंडीतही पंखा लागतो. झोप नाही, चिडचिड, कारण नसताना रडू.

मामा, माझा हात वर्गात सगळ्यांत आधी वर गेला. ते प्रकरण मी ऑगस्टमध्येच वाचलं होतं, आणि चक्क लक्षात होतं! मी म्हणाले, "मॅडम, थायरॉइड. गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "लहान मूलही ओळखेल असं चित्र आहे. मग मला सांग, ही रुग्ण चार महिने डॉक्टरकडे का गेली नसेल?"

मी म्हणाले, "निष्काळजी असेल, मॅडम."

कोणी हसलं नाही. शेजारी कासवानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिची मान सावकाश वळते, त्यामुळे मला पुष्कळ वेळ मिळाला, तरीही मला कळलं नाही. मॅडमनी विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" कासव उभी राहिली. "कोणाची हकिगत?" ती काहीच बोलली नाही. नाव सांगायचं नाही हा नियम होता ना.

मॅडम खाली आल्या, माझ्यापुढे थांबल्या. "दोन्ही हात पुढे कर. बोटं ताठ." त्यांनी तोच कागद माझ्या बोटांवर आडवा ठेवला. वर्गात पंखा बंद होता, खिडक्याही बंद होत्या, आणि कागद फडफडत होता. मी त्याच्याकडे वाऱ्याकडे पाहावं तसं पाहत होते. मग वरच्या ओळीत मला दिसलं, 'विद्यार्थिनी, वय बावीस,' आणि त्याखाली, 'ट्रे पडला, चौदा काचपट्ट्या फुटल्या.'

मॅडमनी नाडी मोजली. एकशे अठरा. म्हणाल्या, "निदानाला पैकीच्या पैकी. आता ऊठ आणि रक्त द्यायला जा."

रक्ताचा निकाल आज आला. तेच आहे. गोळ्या सुरू झाल्या. महिना-दोन महिन्यांत उतार पडेल, उपचार दीडेक वर्ष चालेल, आणि त्यानं बरं वाटतं, असं मॅडम म्हणतात. भिंतीवरचा कागद मी काढून पाहिला. हृदयाच्या आठवड्यात धडधड बाद, मज्जासंस्थेच्या आठवड्यात कंप बाद. एकेक करून सगळी लक्षणं मी स्वतःच बाहेर काढली. एकत्र ती कधी मला भेटलीच नाहीत.

आणि आता मी जास्तच गोंधळले आहे. मेसमध्ये रडले ते कोण रडलं, मी की ग्रंथी? 'ऐकत नाही' असं सरांनी लिहिलं ते कोणाबद्दल? महाविद्यालय सोडायचं हे कोणी ठरवलं? तो अर्ज मी भरला असं मला वाटतं, पण भरताना हात कापत होते, म्हणजे तेव्हाही ती होतीच. तो फाडावा की ठेवावा, काहीच कळत नाही. तुम्ही पाच तारखेला याल तेव्हा मला सांगा.

गुंज

---

९ जानेवारी

गुंजे,

पाच तारखेला तुझ्यासमोर तीन तास बसलो आणि सांगायचे ते राहिले. समोर मला बोलणे जमत नाही. तू पाहिलेसच, मी मेसमधला काटा तपासण्यात अर्धा तास घालवला. काटा उत्तम स्थितीत आहे.

तुझ्या आईला घरी येऊन सर्व सांगितले. तिने आपली टेप हातात गुंडाळली आणि म्हणाली, "दादा, अप्रनच्या टाचण्या मी ऑक्टोबरच्या आधीच मोजल्या होत्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं. माप खोटं बोलत नव्हतं, त्यावरनं आपणच काहीबाही बोलत होतो." स्वतःचे 'कोण आहे तो' हे निदान तिने परत घेतले आहे, पण पूर्णतः नाही, "पुढेमागे कोणी असेल तर सांग म्हणावं" असा निरोप आहे.

माझ्या चुका तीन. पहिली, लक्षणे दर पत्रात थोडी थोडी आली आणि मी ती एकेक करून तपासली. दुसरी, तुझ्या नियमाला मी पाठिंबा दिला, कारण तो नियम होता. तिसरी, काटा बरोबर ठरल्यावर मी तुला खोटे ठरवले. तिसरी शक्यता असू शकते हे माझ्या पद्धतीत नव्हते. क्षमा मागतो.

आता तुझा प्रश्न. कोणता निर्णय तुझा आणि कोणता ग्रंथीचा, हे मला ठरवता येत नाही आणि येणारही नाही. पण एवढे ठाऊक आहे: पारड्याला चिखल लागलेला असताना घेतलेले वजन खरेही नसते आणि खोटेही नसते. ते मोजतच नाहीत. आधी पारडे पुसायचे, काटा शून्यावर येऊ द्यायचा, मग पुन्हा ठेवायचे. काटा शून्यावर आला हे फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. तो माणूस मी नव्हे.

म्हणून अर्ज परत पाठवत आहे. मी सही केली आहे. हो, केली आहे, दचकू नकोस. सोडायचे असेल तर तुला माझ्यासाठी खोळंबावे लागू नये. दिनांकाची जागा मात्र कोरी ठेवली आहे. तीस वर्षांच्या नोकरीत मी दिनांकाशिवाय एकाही कागदावर सही केली नाही. ती जागा तुझी. एकतीस मार्चच्या आत भर, किंवा भरू नकोस.

मामा

---

२६ मार्च

मामा,

वजन साडेपन्नास. एकाच काट्यावर, तीनदा, मध्ये शून्य पाहून. नाडी अठ्ठ्याहत्तर. कासवानं पंखा बंद करायची परवानगी मागितली, मी दिली, आणि पहिल्यांदाच मला तिच्याइतकीच थंडी वाजली. आता एका पांघरुणावरून भांडणं होतात. अप्रनच्या टाचण्या काढल्या. आईला सांगा, डाव्या बाजूची शिलाई अजून जरा ढिली आहे, पण तिनं हात लावू नये, मी भरून काढते आहे.

वॉर्डातली चाचणी पुन्हा दिली. रुग्ण एक म्हातारे सुतार होते. मी एक प्रश्न विचारला आणि थांबले. ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं मी काही चुकले. मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच प्रश्नात मावणारं नव्हतं. सरांनी या वेळी शेरा लिहिला नाही, फक्त 'पास' लिहिलं. मला थोडं वाईट वाटलं. सर निदान 'ऐकते' म्हणतील, असं मी धरून चालले होते.

तुम्ही म्हणालात तसा काटा शून्यावर यायची मी वाट पाहिली. तो आला, असं वाटतं. आणि त्यावर पुन्हा ठेवून पाहिलं. सोमवारी सकाळी मला हे सगळं सोडावंसं वाटतं, अजूनही, अगदी मनापासून. बुधवारी ते आठवलं तर हसू येतं. शनिवारी पुन्हा थोडं वाटतं. आधी मला वाटे, बरी झाले की गोंधळ जाईल. गोंधळ आहेच. पण आता हात स्थिर असतात, म्हणजे हा माझाच असणार.

एकतीसला पाच दिवस आहेत. तुमच्या सहीचा अर्ज माझ्या समोरच आहे. त्याची मागची बाजू कोरी होती, तिथे मी या आठवड्याचं वेळापत्रक आखलं आहे. रकाने अकराच आहेत: वॉर्ड, पुस्तक, कपडे, गोळी, आईला फोन, कासवाच्या कुंड्यांना पाणी, असेच बाकीचे. रविवारच्या दुपारचा एक रकाना रिकामा आहे. तो 'किरकोळ कामां'साठी नाही. कशासाठी आहे ते मला ठाऊक नाही, आणि त्यात काही भरायचं नाही असं ठरवलं आहे.

भिंतीवर खिळ्याला तोच अर्ज लटकतो आहे. वेळापत्रक खोलीकडे, दिनांकाची कोरी जागा भिंतीकडे.

तुमची गुंज